डबा बोलतो तेव्हा

२००६ सालचा जून महिना. सांगलीत मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता. रात्री अकराच्या सुमाराला मी कॉम्प्युटरवर टाइप करत बसलो होतो. घर झोपलेलं. आणि टेबलाखालच्या डब्यातून आवाज आला : टक्... टक्... टक्... मग बारीकशी किरकिर, आणि पुन्हा शांतता.

ज्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात, त्या पत्र्याच्या पेटीला आमच्या घरी ‘डबा’ म्हणत. मी काय केलं असेल? आपण सगळे जे करतो तेच. डब्याला एक थाप मारली. आपली पिढी रेडिओला आणि टीव्हीला थापा मारतच मोठी झाली. थाप मारली की चित्र सरळ व्हायचं. इथंही आवाज थांबला. मी खूश होऊन झोपायला गेलो. ती थाप किती महागात पडू शकते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी त्या आवाजाच्या मागावर होतो. त्या निमित्तानं मला एक प्रश्न पडला. यंत्राचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखणारी माणसं आपण पाहिली आहेत. कॉम्प्युटरच्या बाबतीत अशी माणसं कधी होती का? वाचत गेलो तसं लक्षात आलं की होती. इतकंच नव्हे, तर सुरुवातीच्या कॉम्प्युटरना मुद्दाम आवाज दिला जात होता. तो इतिहास आज सांगायचा आहे. शेवटी मी त्या टेबलाखाली परत येईन.

माझे वडील, म्हणजे आमचे अब्बा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाडी आली की इंजिन चालू ठेवायला सांगायचे. लांब दांड्याचा डिसमिस घ्यायचे, त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला लावायचे आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवायचे. डोळे मिटलेले. टोक इकडून तिकडे सरकवत जायचे आणि एका जागी थांबून म्हणायचे, “हितं हाय.” तिथंच असायचं. पोलादातून आवाज हवेपेक्षा सुमारे पंधरा पट वेगानं जातो आणि डेपोतला बाकीचा गोंगाट बाहेर राहतो, हे त्यामागचं शास्त्र. अब्बांना शास्त्राचं काही घेणं नव्हतं. त्यांना ‘हितं’ सापडण्याशी मतलब.

हीच युक्ती १८१६ साली पॅरिसमधल्या नेकेर रुग्णालयात रने लेनेक या डॉक्टरला सुचली. समोर हृदयविकाराची तरुण स्त्री. छातीला थेट कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना. त्यानं कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला. ठोके पूर्वी कधी नव्हे इतके स्पष्ट आले. स्टेथोस्कोपचा जन्म तो. लेनेकची सुरळी आणि अब्बांचा डिसमिस ही सख्खी भावंडं आहेत. न उघडता आतलं ओळखायचं, हा दोघांचा धंदा.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. अगदी पहिली मोठी गणकयंत्रं आवाजीच होती. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली ‘मार्क वन’ नावाचं यंत्र सुरू झालं. त्यात विजेवर उघडझाप करणारे हजारो खटके होते. इंग्रजीत त्यांना रिले म्हणतात. त्या यंत्राच्या आवाजाचं वर्णन एकानं मोठं छान केलंय : खोलीभर बायका लोखंडी सुयांनी विणकाम करत बसल्यासारखा आवाज.

त्याच्याच पुढच्या भावंडानं, ‘मार्क टू’नं, एक गोष्ट इतिहासात नोंदवून ठेवली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी यंत्र चुकायला लागलं. शोधता शोधता तंत्रज्ञ सत्तर नंबरच्या रिलेपाशी पोचले. तिथं एक पतंग अडकून मेला होता. दिव्यावर येतो तसला साधा पतंग. त्यांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहिलं की खराखुरा किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. कॉम्प्युटरमधल्या दोषाला ‘बग’ म्हणजे किडा हे नाव तेव्हापासून पडलं, असं सांगतात. ते खरं नाही. एडिसननं १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातल्या दोषाला हाच शब्द वापरला होता. म्हणून तर त्या नोंदीत गंमत आहे. ‘किडा, किडा’ म्हणत आलेल्यांना एकदाचा किडा सापडला!

पुढं खटक्यांच्या जागी काचेचे व्हॉल्व्ह आले. आपल्या जुन्या रेडिओत असायचे, तसेच. व्हॉल्व्ह हालत नाहीत, आपटत नाहीत. यंत्र एकदम मुकं झालं. वेग हजारपटीनं वाढला, पण आत काय चाललंय ते कळेना. हिशेब पुढं सरकतोय, की एकाच जागी गोल गोल फिरतोय? बाहेरून दोन्ही सारखंच. मग यंत्र बनवणाऱ्यांनी साधी गोष्ट केली. आतल्या एका तारेला कर्णा जोडून दिला.

ऑस्ट्रेलियात सिडनीला ‘सीसिरॅक’ नावाचा कॉम्प्युटर होता. त्याला असा कर्णा होता. काम संपलं की आवाज येई, किंवा काम अमुक टप्प्यावर पोचलं की येई. ऐकणारा दुसऱ्या कामात असला तरी कान तिकडं ठेवून असे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला जे यंत्र होतं, त्याच्या भोंग्याबद्दल खुद्द ॲलन ट्युरिंगनं माहितीपुस्तिकेत लिहून ठेवलंय. कॉम्प्युटरशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी हा एक. एक आज्ञा दिली की भोंग्यातून ‘टक्’ असा एक ठोका येतो. तीच आज्ञा भराभर, ठरावीक अंतरानं देत राहिलं, की ठोके एकमेकांत मिसळून सूर ऐकू येतो. तबल्यावर बोट एकदा पडलं तर टिचकी, आणि सेकंदाला शेकडो वेळा पडू शकलं असतं तर सूर. तसंच ते.

हे वाचून क्रिस्टोफर स्ट्रॅची नावाच्या एका शाळामास्तरला चेव आला. त्यानं एक लांबलचक प्रोग्रॅम लिहून आणला आणि तो संपताना यंत्रानं ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवलं! १९५१ साली बीबीसीनं ते ध्वनिमुद्रित केलं. राष्ट्रगीत, एक बालगीत आणि एक नाचाची धून. धून वाजवताना यंत्र मधेच अडखळतं आणि हजर असलेली माणसं हसतात, तेही त्यात आहे. ती तबकडी वर्षानुवर्षं चुकीच्या वेगानं वाजत होती. २०१६ साली न्यूझीलंडमधल्या दोन संशोधकांनी तो भोंगा कोणते सूर काढू शकत होता याचा हिशेब मांडून तिचा खरा वेग शोधला आणि मूळ आवाज परत मिळवला. सीसिरॅकनंही त्याच सुमाराला गाणी वाजवली होती. दोष ओळखण्यासाठी दिलेला आवाज माणसानं आधी गाण्यासाठी वापरून पाहिला, हे मला फार माणसासारखं वाटतं.

ज्या यंत्रांना कर्णा नव्हता, त्यांच्यासाठी लोकांनी वेगळाच स्टेथोस्कोप शोधला. रेडिओ! कॉम्प्युटरच्या तारांतून वीज ये-जा करते, तेव्हा तिच्या बारीक लहरी बाहेर पडतात. जवळ साधा रेडिओ ठेवला की खरखर ऐकू येते, आणि काम बदललं की खरखरही बदलते. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर’ नावाचा कॉम्प्युटर हौशी लोक सुटे भाग जोडून घरी तयार करत. त्याला ना पडदा, ना कर्णा. स्टीव्ह डॉम्पिअर या गृहस्थाचा रेडिओ शेजारी चालू होता. हवामानाची बातमी ऐकायला लावलेला. कॉम्प्युटरवर आकड्यांची क्रमवारी लावायचं काम चाललेलं, आणि रेडिओतून विचित्र झिप्-झिप् यायला लागलं. कुणीही रेडिओ बाजूला सरकवला असता. यानं आवाजाचा माग काढला. कोणत्या आज्ञेला कोणता सूर येतो याचा तक्ता केला आणि हौशी मंडळींच्या सभेत रेडिओतून बीटल्सचं गाणं वाजवून दाखवलं. सभेत कुणाचा तरी पाय वायरीत अडकून वीज गेली होती. तेव्हा सगळा प्रोग्रॅम एकेक खटका दाबून त्यानं पुन्हा भरला.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यात लहानसा स्पीकर होता. सुरू करताना यंत्र स्वतःची तपासणी करी आणि सगळं ठीक असेल तर एकदाच ‘बीप’ करी. पडद्यावर अक्षर उमटवण्याइतकंही बळ नसेल, तर लांब-आखूड बीप करून दुखणं सांगे. दुरुस्त करणारी मुलं ते बीप मोजून सांगायची : ‘रॅम काढून पुसून बसवा.’ आवाजाला तर कॉम्प्युटरच्या वर्णमालेतही जागा आहे. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे ठरवून दिले, त्यात सातवा आकडा कुठल्याही अक्षराचा नाही. तो घंटेचा आहे. टेलिप्रिंटरवर तो आकडा आला की टण् वाजायचं. लिपीत घंटेला अक्षराचा मान देणारी ही मंडळी कवीला जवळची वाटली तर नवल नाही.

इथवर आपण मुद्दाम दिलेल्या आवाजांबद्दल बोललो. माझ्या डब्यातले आवाज मात्र कुणी मुद्दाम दिलेले नव्हते. ते झिजण्याचे, सुकण्याचे आणि अडकण्याचे होते. एकेक सांगतो.

पहिला आवाज होता ‘डिर्रिक् डिर्रिक् डिर्रर्र’. तो स्पीकरमधून यायचा. त्या काळात ज्यांच्याकडे मोबाइल होता त्यांना आठवत असेल. हा आवाज आला की पुढच्या क्षणी फोन वाजायचा. मोबाइल टॉवरशी बोलताना सलग बोलत नसे. सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटक्याझटक्यानं बोले. स्पीकरच्या तारा ते झटके पकडत. म्हणजे डब्याचा दोष काहीच नाही. फोन टेबलावरून खिडकीत ठेवला, आवाज बंद.

दुसरा आवाज खर्रर्र. सकाळी यंत्र चालू केलं की यायचा, दहा मिनिटांत कमी व्हायचा. डब्याची बाजू उघडली तर आत पंख्यावर धुळीची गोधडी. पंख्याच्या आसाचं तेल सुकलं की तो आधी घासतो. गरम झाला की जरा सैल होतो. धूळ झाडली, स्टिकर उचकटून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. खर्रर्र गेली. मला वाटलं, जिंकलो.

पण टक् टक् राहिलीच. रोज नाही, दोन-तीन दिवसांतून एकदा. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, चालतंय ना? मग चालू द्या. बंद पडला की बघू.” मलाही ते सोयीचंच होतं.

यंत्रात होतं काय, ते आता सांगायला हवं. माझ्या दादीच्या ओव्या होत्या. आमच्या भागात मुसलमानांच्या घरातही जात्यावर मराठीतूनच ओव्या म्हणत. दादीच्या ओव्यांत मक्का-मदिना असे, तसा पंढरीचा विठूही असे. कॉलेजात असल्यापासून मी त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. दादी गेली. २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला, त्यात वह्यांचा लगदा झाला. तोवर मी बहुतेक ओव्या श्रीलिपीत टाइप केल्या होत्या, म्हणून निर्धास्त होतो. डबा माळ्यावर चढवला होता. ३४० ओव्या. जगात त्यांची एकच प्रत, आणि ती त्या टकटकणाऱ्या डब्यात.

एका रविवारी अब्बा शेजारी पेपर वाचत बसले होते आणि टक् टक् सुरू झाली. त्यांनी पेपर खाली ठेवला. “कधीपासनं हाय हे?” म्हणाले. मी म्हटलं, “तीन आठवडे झाले, अब्बा. पंखा असेल.” ते काही बोलले नाहीत. उठून पिशवीतून डिसमिस आणला, अडुसष्टाव्या वर्षी फरशीवर मांडी घातली, टोक डब्याच्या पत्र्याला लावलं, मूठ कानाला. टोक सरकवत खाली आले आणि थांबले. “बेअरिंग न्हाई हे. आत काय तरी जातंय, आपटतंय आन् माघारी येतंय. पुन्यांदा जातंय. त्याला त्याची जागा गावत न्हाई.”

डिसमिसचं टोक हार्ड डिस्कच्या शेजारी होतं.

कॉम्प्युटरमधलं सगळं लिखाण हार्ड डिस्कमध्ये राहतं. असली पहिली डिस्क आयबीएमनं १९५६ साली विकायला काढली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनापेक्षा जास्त, आणि मावायची जेमतेम पन्नास लाख अक्षरं. माझ्या डब्यातली डिस्क तळहाताएवढी होती. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवर एक वाचणारी सुई फिरते, पण टेकत नाही. केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतक्या अंतरावर तरंगते. तबकडीवर जागोजागी खुणा असतात, त्या बघून सुई आपली जागा ओळखते. खुणा वाचता येईनाशा झाल्या, की सुईचा दांडा कडेला जाऊन आपटतो, परत येतो, पुन्हा शोधतो. तीच टक् टक्. कॉम्प्युटरवाले तिला ‘मरणाची टकटक’ म्हणतात. अब्बांनी आयुष्यात हार्ड डिस्क पाहिली नव्हती, पण त्यांचं निदान शब्दशः बरोबर होतं. आणि असल्या तरंगत्या सुईच्या डोक्यावर मी थाप मारली होती.

त्याच दुपारी शेजारच्या मुलाकडून पेन ड्राइव्ह आणला आणि एकेक फाइल उतरवायला लागलो. माहेर, भाऊ, पंढरी, ईद, पाऊस... ओव्या मी विषयवार ठेवल्या होत्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला टक् टक् सुरू झाली ती थांबली नाही. मग एक बारीक घरघर, आणि डिस्क कायमची गप्प. २२७ ओव्या हाती आल्या होत्या. ११३ गेल्या. आत्यांना विचारून पुढं त्यांतल्या चाळीसेक गोळा केल्या.

‘लेकरं’ नावाची फाइल शेवटी होती. ती गेली. त्यात दादीनं पोराचं नाव घेऊन म्हटलेल्या ओव्या होत्या. म्हणजे अब्बांच्या नावाच्या. मला त्यांच्याकडं बघवेना. ते डिसमिस फडक्यानं पुसत होते. म्हणाले, “दोन मला पाठ हायत. लिहून घे.” मी वही काढली.

कॉम्प्युटर हळूहळू शांत होत गेले. डिस्कच्या आसात पोलादी गोळ्यांऐवजी तेलाचा पातळ थर आला, तसा गुणगुणाट कमी झाला. पुढं तबकड्याच गेल्या. आताच्या लॅपटॉपमध्ये चिप असते. ना फेरे, ना सुई. कान तीक्ष्ण असेल तर कॉइलची बारीक शीळ तेवढी येते. २०१३ साली आदि शामीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की लॅपटॉपच्या असल्या आवाजावरून त्यातली गुप्त किल्लीसुद्धा काढता येते. म्हणजे यंत्र अजून बोलतं. आपल्या कानांना ते ऐकू येत नाही, एवढंच. चिपही मरते. पण मरताना बहुधा टक् करत नाही. काल उघडलं होतं, आज उघडत नाही, एवढंच कळतं.

जाता जाता आइसलँडमधली एक हकिगत सांगतो. तिथं आयबीएमच्या एका कॉम्प्युटरची देखभाल करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी यंत्राजवळ रेडिओ ठेवून त्याच्याकडून सूर काढून घेतले. १९७१ मध्ये यंत्र निवृत्त झालं, तेव्हा सहकाऱ्यांसोबत निरोपादाखल ते सूर टेपवर मुद्रित केले. पुढं त्यांचा मुलगा, योहान योहानसन, संगीतकार झाला. वडलांच्या त्या टेपा त्याला सापडल्या आणि त्यांवर वाद्यवृंद बांधून त्यानं २००६ साली एक अल्बम काढला. माझा डबा टकटकत होता, तेच वर्ष. त्याच्या वडलांनी आवाज जपला. माझ्या वडलांनी तो ओळखला.

अब्बा आता नाहीत. डिसमिस माझ्या टेबलाच्या खणात आहे. लॅपटॉपला लावून पाहिला, काही ऐकू येत नाही. म्हणून दादीच्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत : एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक लेकीकडे आणि एक वहीत, शाईनं लिहिलेली. ती वही वरच्या फळीवर असते, पुराचं पाणी पोचणार नाही इतकी वर.

तुमच्या घरातलं एखादं यंत्र अजून आवाज करत असेल, तर त्याला थाप मारू नका. आधी आतलं महत्त्वाचं दुसरीकडे उतरवून घ्या. मग डिसमिस काढा, आणि कान लावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)